पाठ किनाऱ्याकडे

बावीस वर्षं मी समुद्रात उलटा बसलो. हसू नका, खरं सांगतोय. अर्नाळ्याहून होडी सुटली, बेटावरचा किल्ला मागे पडला की होडीवाला आत्माराम इंजिन हळू करायचा आणि म्हणायचा, "सर, तोंड फिरवा." की मी निमूट फिरायचो. पाठ किनाऱ्याकडे, तोंड मोकळ्या समुद्राकडे. मग तो होडी जरा इकडे, जरा तिकडे घ्यायचा, स्वतःशी काहीतरी पुटपुटायचा आणि नांगर टाकायचा. दोन तास गळ टाकून बसायचं ते तसंच. परत निघून किल्ला जवळ आला की मगच परवानगी मिळायची, "हां, बसा आता सरळ."

चाळीस पोरांच्या वर्गाला नुसत्या नजरेनं गप्प करणारा मी गणिताचा मास्तर, आणि त्या होडीत मला कोपऱ्यात उभं केल्यासारखं बसावं लागायचं. पण मासे असे लागायचे की अपमान वगैरे सगळं विसरायला व्हायचं.

भानगड अशी होती की तिथं पाण्याखाली एक खडक आहे. आमच्या आगाशीच्या केळीच्या वाडीएवढा असेल. भरती असो, ओहोटी असो, वर काही म्हणजे काही दिसत नाही. त्याच्या कपारींत हेकरू राहतात, तांब राहतात, दैव जोरावर असेल तर जिताडाही. तो शोधायचा एकच मार्ग, किनाऱ्यावरच्या खुणा. जमिनीवरच्या दोन वस्तू एका रेषेत आल्या पाहिजेत, आणि त्याच वेळी दुसरीकडच्या दोन वस्तूही. या दोन रेषा जिथं एकमेकींना कापतात तिथं खडक. भूमितीच ती, शाळेत मी हेच शिकवायचो. पण त्या चार वस्तू कोणत्या, हे आत्मारामच्या बापानं फक्त आत्मारामला सांगितलं होतं, तेही होडीत बसून. घराण्याचा नियमच तसा. खूण एकालाच सांगायची, पाण्यावरच सांगायची, जमिनीवर तोंडातून काढायची नाही. सोबत आणखी दोन नियम. त्या खडकावर जाळं टाकायचं नाही, आणि गाभोळीनं, म्हणजे अंड्यांनी, पोट भरलेली मादी लागली तर परत सोडायची.

आता आमची ओळख कशी झाली ते सांगतो. मला तरुणपणापासून गळाचा नाद. आगाशीच्या बाजारात आत्मारामची बायको मंदा मासे विकायला बसायची, अजून बसते. एकदा मी तिच्याकडे फक्त वाटीभर कोलंबी मागितली, गळाला लावायला. ती म्हणाली, "मास्तर, माशांच्या ढिगासमोर उभं राहून आमिष कसलं मागता? एवढी हौस हाय तर आमच्या मानसाबरोबर जा." गेलो. ते आजतागायत.

आत्माराम म्हणजे बुटका, रुंद छातीचा माणूस. भावाभावांत मोठी बोट होती, तिच्यातला हिस्सा त्यानं सोडून दिला. जाळ्याची मासेमारी त्याला मनापासून आवडायचीच नाही. "जालं म्हनजे आंधला कारभार," म्हणायचा. "पिल्लू बघत नाय, म्हातारं बघत नाय, समद्यांना सारखंच." म्हणून एक लहान होडी, एक इंजिन आणि हातातली दोरी. फेब्रुवारीपासून मे संपेपर्यंत हौशी लोक यायचे, मुंबईचे, वसईचे, हजारोंचे रॉड घेऊन. अष्टमीच्या आगेमागे भांग असतो, पाण्याला ओढ कमी असते, तेव्हा तो त्यांना न्यायचा. पण खडकावर नाही हं. त्यांना किल्ल्याच्या आसपास फिरवायचा, शिंगाळे लागले तरी ती मंडळी फोटो काढून खूष. खडकावर न्यायचा तो आम्हा तीन-चार जणांना, आणि तेही उलटं बसवून.

मी एकदाही मागे वळून बघितलं नाही. खिशात फोन माझ्याही होता. पण माणसानं "तोंड फिरव" म्हटलं की तोंड फिरवायचं, त्यात फोन कुठून आला? आत्मारामच्या डोक्यात तर फोनाचा विचार कधी शिरलाच नाही. त्याच्या लेखी जागा चोरायची म्हणजे डोळ्यांनी चोरायची. डोळे वळवले की झालं काम.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलातल्या पहिल्या रविवारी मी निमिषला घेऊन गेलो. माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. नायगावला नव्या टॉवरात राहतो, एकविसाव्या मजल्यावर, कसलं तरी कॉम्प्युटरचं काम घरी बसून करतो. लहान असताना सुट्टीत आमच्या वाडीत यायचा, विहिरीच्या कठड्यावर बसून दोरीला कणिक लावून बेडूक पकडायचा प्रयत्न करायचा. गळाचा पहिला धडा माझाच. आत्मारामनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "कोन हाय?"

मी म्हटलं, "भाचा आहे माझा. माझ्याइतकाच समज."

हे वाक्य माझं. माझ्या तोंडचं. पुढचं सगळं ऐकताना एवढं लक्षात असू द्या.

निमिषही माझ्याशेजारी उलटा बसला. त्याला गंमत वाटली, "मामा, हे तर डोळे बांधून नेल्यासारखंच झालं," म्हणाला आणि खो खो हसला. अर्ध्या तासात त्याला चार किलोचा हेकरू लागला. पोट टम्म फुगलेलं. आत्माराम म्हणाला, "मादी हाय, सोड." नवशिका माणूस पहिला मासा सोडत नाही हो, जिवावर येतं. निमिषनं मात्र दोन्ही हातांनी तो अलगद पाण्यात धरला, त्याला श्वास घेऊ दिला आणि सोडला. आत्मारामनं माझ्याकडे बघून मान हलवली. मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू! घरी येऊन बहिणीला फोन करून सांगितलं.

मग निमिष दर भांगाला यायला लागला, कधी माझ्याबरोबर, कधी एकटाच. मंदासाठी बर्फाची लादी उचलून बाजारात न्यायचा. आत्मारामला "काका, काका" करायचा. मंदानं त्याच्यासाठी रावसाचं कालवण ठेवायचं आणि मी मागितलं तर म्हणायचं, "सर, तुम्हाला कोलेस्ट्रॉल हाय." मुलं नव्हती त्यांना. मला कळत होतं काय चाललंय ते, आणि बरंच वाटत होतं.

गेल्या वर्षी आत्मारामला खुणा धूसर दिसायला लागल्या. कबूल करीना. एकदा दोन ठिकाणी नांगर टाकून उचलला तेव्हा मी म्हटलं, "अरे, डोळे दाखव." तर म्हणे, ऊन चढलंय, धूळ हाय. शेवटी निमिष त्याला गाडीत घालून वसईला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेला. मीही होतो. वादळात इंजिन बंद पडलं तर गाणं म्हणणारा हा माणूस, डोळ्यात औषधाचा थेंब टाकायच्या वेळी खुर्ची सोडून पळायला निघाला. निमिषनं त्याचा हात धरला आणि तपासणी संपेपर्यंत, चांगला तासभर, तसाच धरून बसला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन यंदाच्या जूनमध्ये करायचं ठरलं, मासेमारी बंद झाल्यावर, होडी वर ओढून ठेवल्यावर. "मी नेईन काकांना," निमिष म्हणाला.

आणि मग यंदा मार्चमध्ये त्याचा मला फोन आला. आवाज नुसता फुललेला. "मामा, काकांनी आज मला सरळ बसवलं. खुणा दाखवल्या. म्हणाले, आता माझ्या डोळ्यांचं काम तू कर, आणि माझ्यामागं तूच सांभाळ."

खरं सांगू? मला राग आला. चांगला सणसणीत राग आला. बावीस वर्षं मी पाठ करून बसलो आणि कालच्या पोराला दोन वर्षांत खूण? माझं काय चुकलं होतं? आत्माराम बाजारात भेटला तेव्हा मी तोंडावर विचारलं. तो म्हणाला, "सर, तुम्ही नि मी एका वयाचं. तुम्हाला दाखवून काय करू? दोघं एकदमच वर जाऊ, खडक राहील बेवारस." पटलं, पण राग गेला नाही. मी रुसलो. साठी उलटलेला माणूस लहान पोरासारखा रुसून बसला आणि पुढचे तीन भांग होडीवर गेलोच नाही. त्या दिवसांत मी असतो तर काहीतरी माझ्या कानावर आलं असतं, असं आपलं मला वाटतं.

एप्रिलच्या अखेरीस कुणीतरी फोनवर एक व्हिडिओ पाठवला. पांढरी, नवीकोरी, वेगवान बोट. सहा जण, काळे चष्मे, मोठ्यानं गाणी. आणि मध्ये आमचे चिरंजीव निमिष! हातात हेकरू, पोट टम्म. कॅमेऱ्याकडे बघून सांगतायत, "हा माझा स्वतःचा सिक्रेट स्पॉट आहे, पाहिजे त्यांनी बुकिंगसाठी मेसेज करा." मासा सोडला नाही. बर्फाच्या पेटीत टाकला आणि झाकण लावलं. मी तो व्हिडिओ तीनदा बघितला. तिसऱ्यांदा फक्त एवढ्यासाठी, की आता तरी सोडेल.

एकदा बोट आमच्या खडकावर थांबते म्हटल्यावर बघणारे असतातच. पुढच्या आठवड्यात तिथं पाच बोटी. मग कुणी जाळी घेऊन आलं, खाली दगड बांधून खडकावरून ओढली. पंधरवड्यात खेळ खलास. भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात तो असा.

आत्माराम एसटीनं आगाशीला माझ्या घरी आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा रिकाम्या हातानं. ओट्यावर बसला, पाणी दिलं ते घेतलं नाही. म्हणाला, "सर, मी बापाचा शब्द मोडला. मीच त्याचं तोंड फिरवलं किनाऱ्याकडं. माझंच पाप." माझ्याबद्दल एक अक्षर नाही. तेवढ्यात मंदा बाजार आटपून त्याला शोधत आली, ती मात्र सोडणारी नव्हती. फाटकातूनच ओरडली, "तुमचा म्हनून घेतला त्याला होडीत! नायतर असली छप्पन्न पोरं येतात नि जातात!" शेजारचे बाहेर आले. मी मान खाली घातली. आपलेच दात, आपलेच ओठ.

दुसऱ्या दिवशी मी नायगावला गेलो. बेल वाजवली, त्यानंच दार उघडलं. "अरे मामा, या ना," म्हणाला, अगदी गोड. भिंतीवर मी त्याला दहावी झाल्यावर दिलेला बांबूचा गळ टांगलेला. खाली नव्या रॉडची रांग.

मी बसलोच नाही. म्हटलं, "निमिष, खाल्ल्या घरचे वासे मोजलेस तू. त्या माणसानं बापाची ठेव तुझ्या हातात दिली आणि तू बाजारात मांडलीस? आता बापाचा शब्द मोडला म्हणून तो स्वतःलाच दोष देत बसलाय."

तो शांत. हे त्या पिढीचं मला कळत नाही, आपण कितीही तापलो तरी ही मुलं गार. "मामा, समुद्र कुणाच्या मालकीचा नाही," म्हणाला. "आज ना उद्या कुणीतरी शोधलाच असता. आणि जाळीवाले मी बोलावले का? तुम्ही बावीस वर्षं उलटे बसलात, काय मिळालं तुम्हाला?"

माझा हात उठला होता, खोटं कशाला बोलू. तो एक पाऊल मागे सरकला आणि म्हणाला, "एक मिनिट. तुम्ही काकांना उगाच दोषी वाटून घेऊ देऊ नका. त्यांनी काही मोडलेलं नाही. हे बघा." त्यानं कॉम्प्युटर उघडला. समुद्राचा नकाशा, निळा, आणि त्यावर एक लाल ठिपका. ठिपक्याखाली तारीख. दोन वर्षांपूर्वीची, एप्रिलातली, पहिल्या रविवारची.

"त्यांनी दाखवायच्या आधीपासून माझ्याकडे होतं," निमिष म्हणाला. "त्यांच्यामुळे काही झालेलं नाही. सांगा त्यांना, बरं वाटेल."

पहिल्याच दिवशी! माझ्याशेजारी पाठ करून बसला होता, हसत होता, मादी सोडत होता, तेव्हाच खिशातल्या खिशात फोननं जागा टिपली होती. मी भिंतीवरचा बांबूचा गळ काढला, काखेत मारला आणि लिफ्टनं खाली आलो. लिफ्टमध्ये एका बाईनं विचारलं, "फिशिंगला का, काका?" मी हो म्हटलं.

आता माझी पंचाईत बघा. आत्माराम जेवत नव्हता, मंदा सांगायची, दोन घास गिळून उठतो आणि बापाच्या फोटोकडे पाठ करून झोपतो. तारीख सांगितली तर त्याच्या डोक्यावरचं पाप उतरणार होतं. खूण त्याच्यामुळे गेलीच नव्हती. पण सांगितली तर निमिषबद्दल आणखी एक गोष्ट त्याला कळणार होती, आणि ती मला कशी बोलायची ते कळत नव्हतं. पंधरा दिवस मी गप्प राहिलो. मासेमारी बंद व्हायला चार दिवस राहिले तेव्हा त्याचाच निरोप आला. "सर, एकदा जाऊन येऊ. बघू काय उरलंय का."

गेलो. पहाटेचा गारवा सरून ऊन पडलं होतं. किल्ला मागे पडला, त्यानं इंजिन हळू केलं, आणि मी सवयीनं उठलो, फिरलो आणि पाठ किनाऱ्याकडे करून बसलो. थोड्या वेळानं मागून आवाज आला.

"आता कशाला, सर? बसा सरळ. नि मला जरा सांगा, ताड कुठं हाय. मला दिसत नाय."

बावीस वर्षांत पहिल्यांदा मी तिथून किनारा बघितला. राजोडीच्या किनाऱ्यावरच्या सुरूंच्या वर एकटा ताड डोकं काढून उभा होता. त्याच्या मागे तुंगारेश्वराच्या डोंगराचं टोक यायला हवं, आत्माराम म्हणाला. आणि किल्ल्याच्या मोठ्या बुरुजावर जीवदानीच्या डोंगराची खाच बसायला हवी. मी सांगत गेलो, डावीकडे, अजून थोडं, बस. दोन्ही रेषा जुळल्या. त्यानं नांगर टाकला. मला इतका सुंदर वाटला तो किनारा, आणि इतकी लाज वाटली.

दोन तास आम्ही गळ टाकून बसलो. आमिषाला कुणी तोंड लावलं नाही. एकदा माझी दोरी जड लागली, वर ओढली तर फाटक्या जाळ्याचा तुकडा आला, त्यात दुसऱ्याच कुणाच्या गळाचं शिसं. आत्मारामनं तो चाचपून बघितला आणि पायाशी ठेवला.

"माझ्यामुळं," तो म्हणाला. "मी त्याला सरळ बसवला नसता तर..."

मला सहन होईना. मी सगळं सांगून टाकलं. नकाशा, ठिपका, तारीख. तू दाखवायच्या दोन वर्षं आधीच त्यानं घेतलं होतं, म्हटलं. फोनपुढे पाठ फिरवून चालत नाही रे आत्माराम, त्याला डोळे लागतच नाहीत. तुझ्या बापाचा शब्द तू मोडलेला नाहीस. मोडला असेल तर मी, त्याला आणणारा.

मला वाटलं, आता तरी याचा जीव हलका होईल. मग त्यानं त्या पांढुरक्या डोळ्यांनी माझ्याकडे, म्हणजे माझ्या आवाजाच्या दिशेला, बघितलं.

"म्हनजे खडक त्याच्याकडं पयल्या दिवसापासून होता?"

"हो."

"मग सर, त्या दवाखान्यात तो तासभर माझा हात कशाला धरून बसला होता?"

मी ताडाकडे बघत राहिलो. त्यानं नांगर ओढायला घेतला, आणि मी दोरी गुंडाळू लागलो.